मोडलं एक हाड, कामाला लागलं सगळं शरीर

डाव्या मांडीचं हाड मोडून मी रुग्णालयात दाखल झाले, आणि माझ्या खाटेपाशी जो येई तो हाड सोडून दुसरंच काही विचारी. लघवी किती झाली? जीभ बाहेर काढा बरं, कोरडी पडलीय का बघू. गॅस पास झाला का? दीर्घ श्वास घेताय ना? घोटे वरखाली करून दाखवा. हाडाचा फोटो एकदा भिंतीवरच्या उजेडात लावून झाला, शस्त्रक्रियेची वेळ ठरली, आणि मग दिवसभर चौकशी चालायची ती मूत्रपिंडाची, फुप्फुसांची, आतड्यांची, रक्ताची.

मी डॉक्टर नाही. पण ‘का?’ विचारायची सवय आहे, आणि तिथली बहुतेक माणसं उत्तर देणारी भेटली. जे तेव्हा डोक्यात शिरलं नाही ते घरी पडल्या पडल्या वाचून काढलं. खाटेवरच्या माणसाला दिल्या जाणाऱ्या या बारीकसारीक सूचना म्हणजे उपचाराचा केवढा मोठा भाग असतो, हे रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना कुणीतरी नीट उलगडून सांगायला हवं. त्यासाठीच हे लिहिते आहे.

अपघाताचं सांगण्यासारखं फारसं नाही. दुचाकी घसरली, मी पडले, मांडी नको त्या जागी वाकलेली दिसली. दुखणं भयंकर होतंच, पण त्याहून जास्त लक्षात राहिली ती तहान. ओठ सुकले, हातपाय गार पडले, कपाळावर घाम, छातीत धडधड. जखम कुठे उघडी नव्हती, रक्ताचा थेंब बाहेर आला नव्हता. तरी तातडीच्या विभागात पहिली धावपळ झाली ती दोन्ही हातांत सुया टोचून सलाईन लावण्याची. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, “ताई, रक्त बाहेर नाही गेलं. मांडीत गेलंय.”

मांडीचं हाड हे शरीरातलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात मजबूत हाड. ते मधोमध मोडलं तर आतल्या आत एक ते दीड लिटर रक्त मांडीच्या स्नायूंमध्ये साचू शकतं. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण पाच लिटर. म्हणजे कातडी न फाटता पाव हिस्सा रक्त फिरतीतून बाद. मानेतल्या मोठ्या रोहिणीच्या भिंतीत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत दाब जोखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दाब घसरू लागल्याचा निरोप ती मेंदूच्या तळाशी पोचवतात, आणि काही सेकंदांत हुकूम सुटतात. हृदयाचा वेग वाढतो. मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या अॅड्रेनल ग्रंथी अॅड्रेनॅलिन सोडतात. कातडीच्या आणि आतड्यांच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, म्हणजे उरलेलं रक्त मेंदू आणि हृदयाकडे राहतं. माझे गार हात, घाम, धडधड हा या बंदोबस्ताचाच दिसणारा भाग होता. तहानसुद्धा त्यातलीच. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचलं की ते एक रसायन सोडतं, त्यातून पुढे तयार होणारा पदार्थ रक्तवाहिन्या आवळतो आणि मेंदूतल्या तहानेच्या केंद्रालाही जागं करतो. पायाचं हाड मोडलं म्हणून घसा कोरडा पडावा, यात केवढी लांबची साखळी आहे!

आणि म्हणून लघवी. कॅथेटरच्या पिशवीवरच्या रेघा सिस्टर तासातासाला वाचत होत्या. दोन्ही मूत्रपिंडांचं वजन मिळून पाव-अर्धा किलोच्या आत, पण विश्रांतीच्या वेळी हृदय जेवढं रक्त ढकलतं त्याचा जवळपास पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. रक्त कमी पडलं की त्यांची लघवी लगेच आटते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला निदान अर्धा मिलिलिटर लघवी होते आहे, म्हणजे आतल्या अवयवांना रक्त पोचतं आहे, असा तो हिशेब. रक्तदाबाचा आकडा शरीर बराच वेळ आवळून धरून ठेवू शकतं, त्यामुळे तो एकटा पुरत नाही. लघवी त्यापेक्षा आधी बोलते.

पाय ओढून वजन लावलं तेव्हा दुखणं एकदम उतरलं. हाड तुटलं की मांडीचे दणकट स्नायू आखडतात आणि तुटलेली टोकं एकमेकांवर चढवतात. पाय आखूड होतो, मांडी फुगते, टोकं आतल्या मांसात रुततात. ओढ दिल्यावर स्नायू सैलावतात आणि आत रक्त साचायला जागा कमी उरते.

शस्त्रक्रियेआधी बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा सतत होता. तो कशाला, तर हाडाच्या पोकळीतल्या चरबीसाठी. मांडीच्या हाडाच्या मधल्या नळीत मोठ्या माणसात पिवळा, चरबीचा मगज असतो. हाड फुटलं की त्या चरबीचे बारीक थेंब फाटलेल्या नीलांत शिरतात, नीलांतून हृदयाच्या उजव्या बाजूला, आणि तिथून थेट फुप्फुसांच्या केसासारख्या वाहिन्यांत. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांना साधारण एक ते तीन दिवसांत धाप लागते, ऑक्सिजन उतरतो, काहींना भ्रमही होतो. माझी बहीण उशाशी बसलेली असायची. मी असंबद्ध बोलते आहे का यावर लक्ष ठेवा, असं तिला सांगून ठेवलं होतं. मांडीतल्या दुखापतीची खूण बोलण्यात शोधायची, हे तिला आधी पटेना. कारण कळल्यावर ती मला अर्ध्या अर्ध्या तासाने वार विचारू लागली.

रक्तातली साखर वाढलेली निघाली. मला मधुमेह नाही. भूलतज्ज्ञांनी शांतपणे सांगितलं की मोठी इजा झाली की हे होतंच. अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतात, आणि इन्सुलिनचा असर तात्पुरता मंदावतो. संकटात मेंदूला आणि जखमेवर धावून जाणाऱ्या पेशींना इंधन कमी पडू नये, ही त्यामागची सोय. पण साखर फार चढली तर जखम चिघळायचा धोका वाढतो, म्हणून तीही मोजत राहायची.

पाठीच्या कण्यातून भूल दिली. कमरेत सुई, मग दोन्ही पायांत उबेची लाट, आणि काही क्षणांत पाय जणू माझे नाहीतच. ही ऊब औषधाची नसते. औषधाने दुखण्याचे आणि हालचालीचे मज्जातंतू बधिर होतात, तसेच रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे तंतूही. वाहिन्या सैल पडतात, पायांत रक्त भरतं, पाय गरम लागतात. पण तेच रक्त वर कमी पडतं. मला एकाएकी मळमळलं, छत दूर गेल्यासारखं झालं. डोक्यापाशी बसलेल्या डॉक्टरांनी माझ्या सांगण्याआधीच पडद्यावर दाब उतरलेला पाहिला होता. त्यांनी नळीतून औषध दिलं आणि मिनिटाभरात मी परत जागेवर आले. मूत्राशयाचेही तंतू याच भुलेने झोपतात, म्हणून लघवीची नळी तशीच ठेवली होती.

पुढे हातोडीचे ठोके ऐकू आले, दुखलं काहीच नाही. कुल्ह्याच्या बाजूने हाडाच्या पोकळीत लांब रॉड सरकवायचा आणि वरखाली आडवे स्क्रू घालून अडकवायचा, अशी ही शस्त्रक्रिया. हाडाच्या आतून आधार देण्याची ही पद्धत गेरहार्ड क्युंट्शर या जर्मन शल्यचिकित्सकाने १९४०च्या सुमारास रूढ केली. त्याआधी मांडी मोडलेला माणूस ओढ लावून महिनोन् महिने पडून असे. हाड कधी जुळेही. पण पडून राहिल्याने होणाऱ्या न्यूमोनियाने, गुठळ्यांनी, पाठीवर पडणाऱ्या जखमांनी माणसं जात. रॉडमुळे माणूस लवकर उठू शकतो, आणि त्याचं निम्मं मोल या उठण्यातच आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या संध्याकाळी ताप आला. घरचे घाबरले, जंतू शिरले असं वाटलं. सुरुवातीचा असा ताप पुष्कळदा जंतूंविनाच येतो. इजा झालेल्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशी जी रसायनं सोडतात ती रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात आणि तापमानाचं केंद्र वर सरकवतात. तीच रसायनं यकृताला वेगळ्या कामाला जुंपतात. नेहमीची प्रथिनं थोडी मागे ठेवून ते रक्त गोठवणारी आणि जंतूंशी लढणारी प्रथिनं बनवू लागतं. त्यांसाठी कच्चा माल कुठून? बराचसा स्नायूंतून. भूकही याच रसायनांनी मरते. भूक नसताना जेवणातली प्रथिनं संपवा, असं आहारतज्ज्ञ का बजावत होत्या ते मला या हिशेबाने समजलं. तुम्ही दिली नाहीत तर शरीर ती तुमच्याच दंड-मांडीतून काढून घेणार.

आतडी सुस्त पडली होती. दुखण्यावरच्या तगड्या गोळ्या मेंदूतल्या ज्या जागांवर बसतात तशाच जागा आतड्याच्या भिंतीतही असतात. वेदना दबते तशी आतड्याची हालचालही दबते. शिवाय पडून राहणं, पाणी कमी पिणं. पोट फुगलं की श्वासाचा पडदा वर ढकलला जातो आणि श्वास उथळ होतो. तेव्हा गॅस पास झाला का हा प्रश्न फुप्फुसांचाही होता, हे एका निवासी डॉक्टरांनी हसत हसत समजावलं आणि मी संकोच सोडून दिला.

तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. नळीतून श्वास आत ओढायचा, गोळ्या वर उचलून धरायच्या. वॉर्डात निम्म्या खाटांवर ते उशीखाली पडलेलं दिसायचं. पाठीवर पडून, दुखण्याच्या भीतीने वरवरचा श्वास घेत राहिलं की फुप्फुसांच्या तळाचे वायुकोश मिटू लागतात. रक्त त्यांच्यावरून वाहतं, पण हवा न मिळताच पुढे जातं. तिथे कफ साचतो, जंतूंना जागा मिळते. खोल श्वासाने मिटलेले कोश उघडतात. आणखी एक काम साधतं, ते मला फार आवडलं. खोल श्वासात छातीतला दाब उतरतो, पोटातला वाढतो, आणि त्या फरकाने पायांकडून आणि पोटाकडून नीलांतलं रक्त हृदयाकडे खेचलं जातं. फुप्फुसांचा व्यायाम पायांतल्या रक्तालाही पुढे ढकलतो.

त्याचा जोडीदार म्हणजे घोट्यांचा व्यायाम. फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज यायची आणि तिचं एकच पालुपद: “ताई, जागं असताना दर तासाला पंजे वर, पंजे खाली.” नीलांमध्ये रक्त वर चढवायला हृदयाचा जोर फारसा उरलेला नसतो. पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या नीला दाबल्या जातात, आणि त्यांच्यातल्या झडपा रक्ताला फक्त वरच्याच वाटेने सोडतात. पोटरी थांबली की रक्त रेंगाळतं. फुप्फुसात अडकणाऱ्या गुठळ्या बहुधा पायांच्या नीलांतून सुटून आलेल्या असतात, हे रुडॉल्फ फिर्को या वैद्याने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. रक्ताचं साचणं, वाहिनीच्या भिंतीची इजा, रक्ताची वाढलेली गोठण्याची ओढ ही गुठळीची तीन कारणं आजही त्याच्या नावाने सांगितली जातात. माझ्याकडे तिन्ही होती. हालचाल बंद, शस्त्रक्रिया झालेली, आणि यकृत गोठवणारी प्रथिनं जोरात बनवत होतं. पोटाच्या कातडीखाली रोज टोचलेलं रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन यासाठी. पण इंजेक्शन तीनपैकी एकाच कारणावर काम करतं. साचलेलं रक्त हलवायचं तर पंजे हलवायलाच हवेत. शेजारच्या खाटेवरच्या आजींना त्यांची नात ‘उगाच पाय हलवू नकोस, दुखेल’ म्हणायची. मी तिला जवळ बोलावून हे सगळं सांगितलं. ती हुशार होती, दुपारपर्यंत आजींचे पंजे मोजून हलवून घेऊ लागली.

पहिल्यांदा उभं राहणं हा सगळ्यात मोठा प्रसंग. मला वाटत होतं भार पायावर यायचा, म्हणून भीती पायाची. उभी राहताच पाय तसा ठीक होता, डोळ्यांपुढे मात्र अंधारी आली. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त एकदम पोटात आणि पायांत उतरतं. रोज हे होतंच, पण दाब जोखणारी ती मानेतली टोकं दोन-तीन ठोक्यांत वाहिन्या आवळतात, हृदय थोडं पळतं, पोटरी रक्त वर ढकलते, आपल्याला पत्ताही लागत नाही. पडून राहिल्यावर ही तत्परता कमी होते. त्यात माझं रक्त आधीच कमी, पोटरी दुबळी, पोटात गोळ्या. फिजिओने मला बसवलं, मग टप्प्याने उठवलं: आधी डोकं उंच, मग पाय खाली सोडून बसणं, पंजे हलवणं, मग उभं राहणं. त्या पायऱ्या पाळल्या तेव्हा अंधारी आली नाही.

मग चालणं. वॉकरचा आधार घेऊन पाऊल टाकायचं तर मांडीचा पुढचा स्नायू आवळायला हवा. मी मनात आज्ञा देत होते, स्नायू हलत नव्हता. तो कापलेला नव्हता, त्याचा मज्जातंतूही शाबूत होता. पण सुजलेल्या, दुखणाऱ्या भागातून येणारे निरोप मज्जारज्जूतच त्या स्नायूला आवर घालतात. फिजिओने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि मला त्या स्नायूकडे बघत, त्यावर हात ठेवून, गुंडाळी खाली दाबायला लावलं. डोळे आणि स्पर्श यांच्या वाटेने मेंदूला तो स्नायू परत दाखवून द्यायचा. आधी नुसती थरथर, मग कधीतरी हाताखाली तो कडक झाला. तोल सांभाळायलाही डोळे, कानाच्या आतली संतुलनाची यंत्रणा आणि तळव्यांतून-सांध्यांतून येणारी माहिती, हे तिन्ही लहान मेंदूत जुळावं लागतं. माझ्या पायाकडून येणारी माहिती बदलली होती, म्हणून सुरुवातीला मी सारखी जमिनीकडे बघत चालायची. डोळ्यांवरचा तो भार कमी व्हायला वेळ गेला.

हिमोग्लोबिन घसरलं होतं. रक्त चढवायची वेळ आली नाही, भरून निघण्याची वाट पाहायची ठरली. रक्तात ऑक्सिजन कमी पोचतो आहे हे सगळ्यात आधी ओळखतं ते पुन्हा मूत्रपिंड. ते एरिथ्रोपॉइटिन नावाचं संप्रेरक सोडतं, ते मणके, छातीचं हाड, फासळ्या, ओटीपोटाची हाडं यांतल्या लाल मगजात पोचतं, आणि तिथे तांबड्या पेशींचं उत्पादन वाढतं. एरवीसुद्धा सेकंदाला वीसेक लाख नव्या पेशी बनतात, कारण एक पेशी जगते सुमारे १२० दिवसच. पण लोह हवं. शरीरात दाह असेल तोवर यकृत आतड्याला लोह आत घेण्यापासून रोखतं, बहुधा जंतूंच्या हाती ते लागू नये म्हणून. त्यामुळे सूज, ताप उतरल्यावरच लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मोडलेल्या हाडाने सांडलेलं रक्त दुसऱ्या हाडांनी भरून द्यायचं, आणि त्याची ऑर्डर मूत्रपिंडाने काढायची!

घरी आल्यावर काम उरलं ते हाडाचं. तुटल्या जागी साचलेलं रक्त गोठतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, काही आठवड्यांत मऊ कूर्चेचा गोळा तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरून तो टणक होतो, आणि पुढे महिनोन् महिने त्याला हाडाचा घाट येत राहतो. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडा-दातांतच असतं. उरलेलं एक टक्का इतकं मोलाचं की रक्तातली त्याची पातळी ढळली तर स्नायूंचं आणि हृदयाचं आकुंचन बिघडतं. गळ्यातल्या चार चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी ती पातळी सांभाळतात, आणि कमी पडलं तर हाडातूनच काढून देतात. त्यामुळे आतड्यातून कॅल्शियम यायला हवं, त्याला ड जीवनसत्त्व हवं, आणि ते कातडीत उन्हाने तयार होऊन आधी यकृतात, मग मूत्रपिंडात घडवलं गेल्याशिवाय कामाला येत नाही. माझ्या तपासणीत ड कमी निघालं, म्हणून त्याचं औषध सुरू झालं. नुसतं कॅल्शियम गिळून भागलं नसतं.

भार मात्र गोळीतून मिळत नाही. हाड ज्या दिशेने भार सोसतं त्या दिशेने स्वतःची रचना करतं, हे यूलिउस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ साली मांडलं. हाडाच्या आत अडकून बसलेल्या पेशी ताण ओळखतात आणि कुठे नवं हाड घालायचं, कुठलं जुनं पोखरायचं ते ठरवतात. पडून राहणाऱ्याचं हाड विरतं आणि कॅल्शियम लघवीतून जातं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तेवढा भार, सांगितलं तेव्हा, टाकायचाच. दुखतंय म्हणून वॉकरवर लोंबकळत राहायचं नाही. आणि लोंबकळायचा मोह रोज होतो.

हल्लीच्या एक्स-रेमध्ये समोरून आणि बाजूने पाहिलं तर हाडाच्या चार कडांपैकी तीन कडांवर नव्या हाडाचा पूल दिसतो. हाड जुळलं असं म्हणायला एवढं पुरतं. रॉड त्रास देत नाही तोवर आतच राहील. चालताना अजून किंचित झोल जातो. रॉड कुल्ह्याच्या ज्या स्नायूंमधून आत घातला ते कमजोर आहेत, म्हणून डाव्या पायावर उभी राहिले की उजवीकडचं ओटीपोट खाली जातं, आणि तो झुकाव भरून काढता काढता कंबर दुखते. फिजिओकडे सध्या माझा व्यायाम चालू आहे तो कुल्ह्याचा, कंबरेचा आणि पोटाचा. मांडीबद्दल तिने गेल्या खेपेला काही विचारलं नाही.